नदीकाठचे परके

आधी पायांतलं काढून ठेवा. चपला, बूट, जे असेल ते. होडीच्या तळाशी पाणी साचलंय, उतरायच्या जागी चिखल आहे, आणि आपण चाललोय त्या शहरात राजाचा कारकूनही अनवाणीच हिंडतो. मांडी घालून नीट मधोमध बसा. हात बाहेर सोडू नका. या नदीत मगरी आहेत.

साल 1685. कार्तिकातली पहाट. तिकडे रायगडावर शंभूराजांचं राज्य आहे आणि तुम्ही चाओ फ्राया नदीतून, प्रवाहाच्या उलट, सयामच्या राजधानीकडे निघाला आहात. रामाच्या अयोध्येवरून तिचं नाव पडलं, अयुथया. अजून उजाडलेलं नाही. हवा दमट आहे, अंगरखा पाठीला चिकटलाय. कुजलेली पानं, ओला बांबू आणि लांब कुठेतरी पेटलेल्या चुलीचा धूर, एवढेच वास. आता डावीकडच्या त्या झाडाकडे बघा. फांदीन् फांदी काजव्यांनी भरली आहे आणि ते सगळे एकाच क्षणी विझतात, एकाच क्षणी लागतात. झाड उजळतं, नाहीसं होतं, पुन्हा उजळतं. आणखी पाच वर्षांनी एंगेलबर्ट केम्फर नावाचा जर्मन वैद्य याच वाटेनं जाईल आणि हे पाहून थक्क होऊन आपल्या प्रवासवर्णनात त्याची नोंद करील. तुम्हाला ते आत्ताच, फुकट बघायला मिळतंय. बघून घ्या.

होडी वल्हवणारी बाई आहे. तिचे केस पुरुषासारखे आखूड कापलेले आहेत, दात मुद्दाम काळे केलेले, ओठ विड्यानं लाल. तिच्या बोलण्यातलं काही कळत नाही, पण ती मधूनच वल्हं थांबवून पुढ्यातला डबा तुमच्याकडे सरकवते. पान, सुपारी, चुना. घ्या! हे तुमच्या ओळखीचं आहे. या देशात पाहुण्याशी बोलणं पानानंच सुरू होतं आणि पानानंच संपतं. नको म्हणालात तर ती नाराज होईल, आणि होडी तिची आहे.

आता फटफटलं. पुराचं पाणी अजून उतरलेलं नाही. शेतं कुठे संपतात आणि नदी कुठे सुरू होते ते समजत नाही. भाताची रोपं पाण्याच्या वर डोकं काढून उभी आहेत, पाणी चढलं तशी तीही चढली. घरं खांबांवर आहेत. गुरं उंच माचांवर बांधलेली. एक म्हातारा घराच्या ओट्यावर बसून गळ टाकतोय, म्हणजे स्वयंपाकघरातच मासा पकडतोय. पोरं ओट्यावरून धाडधाड पाण्यात उड्या मारतात, तुमच्या होडीपर्यंत पोहत येतात, तुमचे कपडे बघून हसतात आणि पाणी उडवून पळतात. भिजलात? हरकत नाही. दिवसातून तीन-चार वेळा भिजल्याशिवाय इथे कुणी जगत नाही.

नदी वळण घेते आणि एकदम गोंगाट सुरू होतो.

डाव्या तीरावर पोर्तुगिजांची वस्ती, तिच्या चर्चची घंटा वाजतेय. समोरच्या उजव्या तीरावर जपान्यांची. थोडं पुढे इंग्रजांची, मग डचांची विटांची भक्कम वखार. आणखी पुढे फनान चोएंगचं देऊळ. आत 19 मीटर उंच सोनेरी बुद्ध बसलाय आणि तो या शहराहूनही जुना आहे. देवळाच्या पायऱ्यांवर चिनी व्यापारी उदबत्त्यांचे जुडगे पेटवून उभे आहेत. तिथे नद्या एकमेकींना मिळतात, पाणी रुंद होतं आणि त्या पाण्यावर तरंगतं सगळं जग. डोळे रंगवलेली चिनी जंकं, मलय लोकांच्या निमुळत्या नावा, भाताचे पडाव, बांबूचे तराफे, आणि त्यांच्यामधून सुईसारख्या निघून जाणाऱ्या शेकडो लहान होड्या. त्यांच्या पलीकडे बेटावर विटांचा तट आणि तटावर देवळांचे कळस. ऊन त्यांच्या सोनेरी मुलाम्यावर पडलं की क्षणभर डोळे मिटावे लागतात.

इतके परके एका नदीकाठी का आणि कसे राहतात, हे कळायला धक्क्यावरच्या कारकुनासमोर बसावं लागेल. बसा. उभं राहू नका; त्याच्याहून तुमचं डोकं उंच राहणं बरं दिसत नाही. तो आधी मलय भाषेत विचारतो, मग मोडक्या पोर्तुगीजमध्ये. या दोन भाषांवर अर्ध्या आशियाचा व्यापार चालतो आणि दोन्हींत त्याला फक्त एवढंच हवंय, की तुम्ही कोण, कुठले आणि कुणाच्या वस्तीत राहणार. पश्चिमेकडून समुद्रावरून आलेल्यांसाठी उजव्या धक्क्याचं खातं, चीनकडून आलेल्यांसाठी डाव्या धक्क्याचं. गोरे ते फरांग. तुम्ही, मी, इराणी, मलय, सगळे खेक. प्रत्येक जातीच्या लोकांना राजानं नदीकाठी जागा नेमून दिली आहे, प्रत्येकाचा एक नायक आहे, भांडण झालं तर आधी तो बघतो. देऊळ बांधा, मशीद बांधा, चर्च बांधा. तोफा मात्र नदीच्या खालच्या अंगाला बँकॉकच्या किल्ल्यापाशी उतरवून ठेवायच्या आणि जकात भरायची. गोऱ्यांनाही हाच नियम. इथे कुणी परका मालक म्हणून राहत नाही. सगळे पाहुणे आहेत, आणि पाहुण्यानं कसं वागायचं हे यजमान ठरवतो. मला या शहराची सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते.

भूक लागली असेल. चला बाजारात.

बाजार पाण्यावर आहे आणि जमिनीवरही. दोन्हीकडे विकणाऱ्या बायकाच. नीट बघा, तागडी धरलेला पुरुष दिसला तर तो बहुतेक चिनी किंवा खेक असणार. याचं कारण साधं आहे. सयामी पुरुषाला वर्षातले सहा महिने राजाच्या वेठीला जावं लागतं. कालवे खणायला, तट बांधायला, होड्या ओढायला. मग शेत, घर आणि पैसा सांभाळतं कोण? ती. भाव ती ठरवते, उधारी ती लक्षात ठेवते, आणि तुम्ही नवखे आहात हे तिनं तुमच्या पहिल्याच पावलाला ओळखलंय.

वास घ्या. नाही, पळू नका. हा वास कपीचा, म्हणजे मिठात कुटून, उन्हात मुरवून केलेल्या कोळंबीच्या जांभळट गोळ्याचा. कोकणात अंगणात जवळा वाळत घातला की सगळ्या वाडीत सुटणारा वास ज्याच्या ओळखीचा आहे, त्याला इथे पहिल्या दिवसापासून जेवण गोड लागेल. डच आणि फ्रेंच मात्र नाक दाबून जातात. शेजारी सुकवलेले मासे, लसणीच्या माळा, चिंच, लिंबं, नारळाचे ढीग, केळ्यांचे लोंगर, उसाच्या कांड्या. जिवंत कासवं उलटी टाकलेली. बदकांचा कलकलाट. एका होडीत नुसती फुलं. तिच्या मागून भाताच्या पेजेची होडी येते, बाई तुमच्या हातात वाडगा देते, वर खारवलेल्या माशाचा तुकडा ठेवते. पोटभर भात आणि चिमूटभर मासा, एवढ्यात इथल्या माणसाचा दिवस निघतो, आणि तो फार स्वस्तात निघतो.

पैसे? तुमच्या कनवटीला चांदीची वाकवलेली गोळी आहे, वर राजाचे शिक्के. तो बाट. चार सलुंगांचा एक बाट, दोन फुअंगांचा एक सलुंग. पण पेजेच्या वाडग्यासाठी बाट काढलात तर बाई हसून दुसऱ्या बायांना दाखवील. इथे सुट्टे पैसे म्हणजे कवड्या. मालदीवच्या समुद्रातून निघालेल्या, जहाजाच्या तळाशी भरून आणलेल्या कवड्या. लहान फुअंग मोडलात तरी त्या शेकड्यांनी मिळतात. सावकारीण मोजायला बसते तेव्हा तिची बोटं दिसत नाहीत, फक्त खळखळ ऐकू येते. ओंजळ पुढे करा. जड आहेत ना? कंबरेला पिशवी बांधा आणि तिच्यावर एक हात ठेवूनच गर्दीत शिरा.

या बाजारात ओसूतची गोष्ट अजून ऐकायला मिळते. मोन जातीची बाई, बाजारात वाढलेली. डच वखारीला लागणारं खाण्यापिण्याचं सामान तीच पुरवायची. राजवाड्यातल्या बायकांकडे डचांचं काम अडलं तर तीच सोडवायची. डच अधिकारी येरेमियास फान फ्लीटच्या घरात ती राहिली, त्याच्यापासून तिला तीन मुली झाल्या. त्याची बदली झाली तेव्हा त्याला मुली हव्या होत्या. राजानं सोडल्या नाहीत. सयामी भूमीत जन्मलेलं मूल देशाबाहेर न्यायचं नाही असा दंडकच होता. 1658 मध्ये ओसूत वारली. तोवर मुली तिच्याजवळच राहिल्या. त्या काळात एका बलाढ्य कंपनीचा बडा साहेब बाजारातल्या बाईपुढे हरला, ही गोष्ट बाया तुम्हाला वल्हं मारता मारता सांगतील आणि तुमच्या तोंडाकडे बघतील. इथे आलेला परका कुणाच्या आधारानं जगला, हे त्या चांगल्या जाणून आहेत. त्याला भाषा इथल्याच बाईनं शिकवली, पाणी कुठलं प्यायचं ते तिनं सांगितलं, त्याचा माल तिनं विकला, त्याची पोरं तिनं वाढवली. परदेशातून आलेल्यांनी लिहिलेल्या पुस्तकांत ती क्वचितच दिसते. तुम्ही मात्र तिच्या होडीत बसला आहात.

डच वखारीपाशी फार थांबू नका, उकाडा वाढतोय आणि तिथला वास सहन होणार नाही. हरणांची कातडी रचली आहेत, माणसाच्या उंचीहून उंच. पाकट माशाची खरबरीत कातडीही. दोन्ही जपानला जाणार. दुसरी तिथल्या तलवारींच्या मुठींवर चढणार. किडे लागू नयेत म्हणून मजूर कातडी झटकतायत आणि त्या धुळीनं घशात जळजळतं. एक डच कारकून लोकरी अंगरख्यात घामानं निथळत वहीत आकडे मांडतोय. त्याच्याकडे बघून तुम्हाला तुमच्या सुती कपड्यांचा आनंद होईल.

दुपार. दगड तापले. शहराच्या तटाच्या आत चला, मूर, म्हणजे मुसलमान लोकांच्या रस्त्यावर. अयुथयातली बहुतेक घरं बांबूची आहेत. आग लागली तर आळीच्या आळी जाते आणि तितक्याच झपाट्यानं परत उभी राहते. आणखी दोन वर्षांनी येणारा फ्रेंच वकील ला लुबेर लिहील, की जळालेली तीनशे घरं दोन दिवसांत पुन्हा बांधून झाली. या रस्त्यावर मात्र विटांची, कौलारू, दुमजली घरं आहेत. अगदी लहान, वर राहायचं, खाली दुकान. इराणी, हिंदुस्थानी, चिनी दुकानदार सावलीत बसलेत. या ठाणापुढे बसा. कोरोमंडलच्या किनाऱ्यावर छापलेलं हे कापड हातात घ्या. लाल चाय नावाच्या मुळीचा, निळा निळीचा, पण नक्षी बघा. हात जोडलेल्या देवता, ज्वाळांच्या कडा. आपल्याकडे असं कुणी नेसत नाही. सयामहून नमुने काढून पाठवतात, तिकडे आंध्र-तमिळ गावांतले रंगारी ते छापतात आणि ठाण समुद्र ओलांडून इथल्या दरबाऱ्यांच्या कमरेला लागतं. मेर्गी बंदरात जहाजातून उतरून, नदीनं, मग जंगलातून डोंगर ओलांडून ते इथवर आलंय. वाटेत वाघ होते, हिवताप होता, पाऊस होता. नाकाशी धरा, अजून थोडा ओलसर वास येईल.

दुकानदार खोरासानी आहे. तो चहा मागवतो. हो, चहा! घरी अजून फारसं कुणी त्याचं नावही ऐकलेलं नाही. चिनी मातीच्या इवल्या वाटीत फिकट, कडवट, कढत पाणी, दूध नाही. खडीसाखरेचा खडा गालात धरायचा आणि वरून घोट घ्यायचा. पाहुण्याला चहा न विचारणं या शहरात असभ्य समजतात. घाम फुटेल, फुटू द्या, मग वाऱ्याची झुळूक आली की बरं वाटेल. तो सांगतो की मोहरम दोन आठवड्यांवर आलाय, ताबुतांची तयारी चालू आहे, आणि खर्चाला राजा हात देतो. बौद्ध राजा! त्याचं नाव नाराई. लहानपणापासून इराण्यांमध्ये वावरल्यामुळे त्याला इराणी जेवणाची गोडी आहे, असं इराणी वकिलातीचा चिटणीसही पुढे लिहून ठेवील. सध्या फ्रान्सच्या राजाचा वकील आलाय, त्याच्या सोनेरी होड्यांच्या मिरवणुकीच्या गोष्टी प्रत्येक दुकानात चालू आहेत. कान द्या हवा तर. माझ्या मते वकील येतात आणि जातात. पुढच्या गल्लीतून येणारा पुलावाचा वास जास्त महत्त्वाचा आहे.

घंटा वाजली. इथे दिवसाचे तास घंटेवर आणि रात्रीचे ढोलावर मोजतात. ऊन कलतंय, परत नदीवर.

जपानी वस्तीच्या धक्क्यावर होडी क्षणभर टेकते. एक म्हातारी ओट्यावर सुपं साफ करतेय. तिच्या आजोबांनी हे गाव बघितलं तेव्हा इथे जपानी जहाजं नांगरलेली असायची. मग 1635 मध्ये त्यांच्या देशानं दार लावून घेतलं; बाहेर असलेल्यांनी परत यायचं नाही, आलात तर मृत्यू. इथले जपानी इथलेच झाले. त्यांच्यातले पुष्कळ जण तर ख्रिस्ती धर्मामुळेच पळून आलेले. म्हातारी सयामी बोलते, सयामी नेसते, दर रविवारी होडी करून समोरच्या तीरावर प्रार्थनेला जाते. जपान तिनं कधी पाहिलेलं नाही आणि पाहणारही नाही. ती तुमच्याकडे बघून मान लववते. तुम्हीही लववा, जरा जास्तच.

आणि आता पलीकडे, पोर्तुगिजांच्या वस्तीत. आज मुक्काम इथेच.

चर्च डॉमिनिकन साधूंचं आहे. पाद्री गोव्याहून येतात, त्यांची पत्रं गोव्याला जातात, आणि नदीच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या फ्रेंच पाद्रींशी त्यांचं अजिबात पटत नाही. वस्तीतल्या लोकांना मात्र त्या भांडणाशी फार कर्तव्य नसतं. हे पोर्तुगीज म्हणवतात, पण लिस्बन कुणी पाहिलेलं नाही. आई सयामी, आजी मोन, पणजोबा गोव्याचा नाहीतर मलाक्क्याचा. रंग तुमचाच. डोक्यावर टोपी आणि गळ्यात जपमाळ असली की झाला पोर्तुगीज. जपमाळेच्या शेजारी कमरेला पानाची पिशवी. संध्याकाळची प्रार्थना लॅटिनमध्ये, पोरांवर ओरडणं सयामीत, शिव्या पोर्तुगीजमध्ये.

तुमची यजमानीण विधवा आहे. शिडी चढून वर या, डोकं सांभाळा. बांबूची जमीन पायाखाली दबते आणि फटींतून खालचं पाणी दिसतं. चूल म्हणजे मातीनं भरलेली टोपली, तीन काठ्यांवर टेकवलेली. तिच्यावर पितळी कढई आणि कढईत साखरेचा पाक उकळतोय. बदकांची अंडी फोडून तिनं पांढरं एकीकडे आणि पिवळं एकीकडे केलंय. हे काम तुमच्याकडे आलंच म्हणून समजा. बलक फुटू देऊ नका! तलम कापडातून गाळलेला बलक ती केळीच्या पानाच्या सुरळीत भरते, खाली बारीक भोक, आणि कढईवर हात गोल गोल फिरवते. पाकात सोन्याच्या तारा पडतात. एका काडीनं ती तारांची लड उचलते, घडी घालते, पानावर ठेवते. पाकाला जाईच्या फुलांचा वास लावलेला. हातावर घ्या, फुंकर घाला, तोंडात टाका.

आता गोव्याचा माणूस असेल तर तो नक्की थबकेल. बेबिंकेत ओतला जाणारा बलकांचा ढीग त्याला आठवेल. पोर्तुगालच्या मठांतली ही कला जहाजांबरोबर गोव्यात आली, तिथून पुढे इथे. पीठ भिजवणं आणि नारळाचं दूध काढणं या किनाऱ्यावरच्या बायकांना आधीपासून येत होतं. पिवळ्या बलकाला साखरेच्या पाकात शिजवणं नवीन होतं. थायलंडमध्ये या मिठायांचं श्रेय मारिया ग्युमार हिला देतात. ती आत्ता या शहरातच आहे, विशीतली. राजाचा ग्रीक मंत्री फाल्कन याची बायको. आई जपानी, वडिलांचं घराणं गोव्याकडचं असं सांगतात. पुढे नवरा मारला जाईल, तिचा मानमरातब सगळा जाईल, आणि तीच बाई राजवाड्याच्या मुदपाकखान्यात काम करून आपलं आयुष्य पुन्हा उभं करील. तिला मान द्यायलाच हवा. पण माझं मत विचाराल तर ही कला एका बाईची नाही. या काठावरच्या अशाच दहा-वीस चुलींवर, सणावाराला, लग्नाला, बाळंतिणीला भेटायला जाताना ती घडली. तुमच्या यजमानणीचं नाव कुठल्याही कागदावर नाही. तिच्या हाताच्या तारा मात्र आजच्या थाई लग्नातही ताटात असतात, कारण लांब तार म्हणजे लांब संसार असं तिथे मानतात.

जेवण झालं की अंग मोडून आल्यासारखं वाटेल. दिवसभराच्या उन्हाचं आहे, की ताप आहे? नव्या माणसाला इथे पहिल्या पावसाळ्यात ताप गाठतोच. पोटही बिघडतं. विधवा तुमच्या कपाळाला हात लावते आणि शेजारच्या बाईला हाक मारते. पालथे पडा. शेजारीण तुमच्या पाठीवर चढते, खरंच चढते, आणि पायांनी मणका न् मणका तुडवत खाली उतरते. ओरडू नका, पोरं दारात जमली आहेत. थोड्या वेळानं पाय हलके होतील. नदीचं पाणी रांजणात कितीतरी दिवस निवळत ठेवलेलं असतं, त्यातलंच प्या, थेट नदीचं नको. एवढं करूनही सगळेच वाचत नाहीत. चर्चभोवतालच्या जमिनीत एकावर एक माणसं पुरली आहेत. देवी, हगवण, ताप. विधवेचा नवरा तिथेच आहे. ती सांगताना रडत नाही. धाकट्या पोराला मांडीवर घेऊन डास वारत राहते.

आणि डास! मच्छरदाणीच्या आत शिरा आणि कडा चटईखाली खोचा. छतात तुकए ओरडतो, हातभर पालीचा आवाज एवढा मोठा असू शकतो यावर तुमचा विश्वास बसत नाही. बाहेर नदीवर दिवे सोडलेत, पाणी उतरतंय म्हणून त्याचे आभार. चिनी जंकावर कुणी झांजा वाजवतंय, मलय वस्तीतून अजान, देवळातून भिक्षूंचं पठण, आणि तटावर रात्रीचा पहिला ढोल. एकाही आवाजाला दुसऱ्याचा त्रास होत नाही असं मी म्हणणार नाही. वस्त्यावस्त्यांत मारामाऱ्याही होतात. पण उद्या सकाळी या सगळ्यांना त्याच बायांच्या होड्यांकडून तांदूळ घ्यायचा आहे.

हे शहर 1767 मध्ये ब्रह्मी सैन्यानं जाळलं. वाचलेले पोर्तुगीज वंशाचे लोक नव्या राजामागून नदीनं खाली गेले आणि आजच्या बँकॉकच्या पश्चिम तीरावर, कुडी चीन या भागात त्यांना जागा मिळाली. अयुथयाच्या वस्तीत 1984 मध्ये उत्खनन सुरू झालं तेव्हा चर्चच्या पायाशी दोनशेहून अधिक सांगाडे निघाले, त्यांच्याबरोबर जपमाळा आणि मातीच्या चिलमी. ते आज जागच्या जागी, छताखाली जपून ठेवले आहेत. समोरच्या तीरावर जपानी गावाची जागा आहे, जवळच डच वखारीचा पाया.

तेव्हा थायलंडला गेलात तर अयुथयाची देवळं पाहून परत फिरू नका. नदी ओलांडून दक्षिणेच्या काठावर जा, आणि बँकॉकला आलात की सांता क्रूझ चर्चमागच्या अरुंद गल्ल्यांत शिरा. तिथल्या मोजक्या घरांत मैदा, साखर आणि बदकाची अंडी फेटून केलेला ‘खनोम फरांग’ अजून भाजतात. घेताना करणाऱ्या बाईला तिच्या आजीचं नाव विचारा, आणि लिहून घ्या.